शोधनिबंधाची पोथी

पोथी वाचणाऱ्याला मध्येच शंका विचारू नये, असा आपल्याकडे जुना दंडक आहे. त्याचं कारण भक्ती असं सांगतात. खरं कारण निराळं असावं. वाचणाऱ्याला अर्थ ठाऊक नसतो, ऐकणाऱ्याला तो नको असतो आणि आत शिरा तयार असतो. सगळ्यांच्याच सोयीचं असलेलं हे मौन शतकानुशतकं टिकलं, यात नवल नाही. नवल आहे ते हे, की जिथे शंका विचारण्याचाच पगार मिळतो त्या विज्ञान महाविद्यालयातही ते सुखरूप येऊन पोहोचलं आहे. तिथे पोथीला 'रिसर्च पेपर' म्हणतात, पारायणाला 'सेमिनार' म्हणतात आणि शिऱ्याच्या जागी समोसा असतो.

आम्ही जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मास्तराला परीक्षक म्हणून बोलावण्यात दोन सोयी असतात : तो वेळेवर येतो आणि मानधनाचं विचारत नाही. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातल्या एका कॉलेजने (नाव सांगत नाही, आम्हाला याच जिल्ह्यात राहायचं आहे) बी.एस्सी.च्या मुलांच्या सेमिनारला आम्हाला बोलावलं. दीपप्रज्वलन झालं, वारा आल्यामुळे पुन्हा झालं, आणि साडेदहापासून चौदा मुलांनी चौदा शोधनिबंध 'सादर' केले. सादर केले म्हणजे भिंतीवर पडलेली इंग्रजी अक्षरं, भिंतीकडे तोंड करून, भिंतीलाच वाचून दाखवली. भिंतीने एकही शंका विचारली नाही. श्रोत्यांनीही भिंतीचाच आदर्श डोळ्यांपुढे ठेवला.

मुलांना आम्ही हसत नाही. मुलं बिचारी रात्र रात्र जागून पाठ करून आली होती. आमचं भांडण आहे ते त्यांना पाठ करायला लावणाऱ्यांशी.

एका मुलाने 'पी लेस दॅन झीरो पॉइंट झीरो फाइव्ह' हे शब्द इतक्या भाविकपणे उच्चारले की आमचे हात आपोआप जोडले जाणार होते. आम्ही विचारलं, "बेटा, हा पी म्हणजे कोण?"

"सर, तो कमी असला की चांगलं असते."

म्हणजे रक्तातल्या साखरेसारखं! विभागप्रमुख मॅडमनी मान डोलावली, मुलगा सुटला आणि पुढची स्लाइड आली.

वास्तविक या पीची कुळकथा चहाच्या कपातली आहे, आणि ज्या देशात दर तासाला चहा होतो तिथे ती सांगायला कसली अडचण? रोनाल्ड फिशर हे इंग्लंडातले संख्याशास्त्रज्ञ. रॉदॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात ते काम करत. तिथल्या म्युरियल ब्रिस्टल नावाच्या बाई म्हणाल्या, कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मी नुसत्या चवीवरून सांगते. आपल्याकडे एखादी सून असं बोलली असती तर तिला चहाच मिळाला नसता. फिशरसाहेबांना मात्र हा दावा तपासण्याजोगा वाटला. आठ कप मांडायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, सगळे बेमालूम मिसळायचे आणि बाईंना चार-चारांचे गट ओळखायला लावायचे. बाईंना काहीएक कळत नाही असं धरलं, तर निव्वळ नशिबाने आठही बरोबर येण्याची शक्यता किती? सत्तरात एक. हाच तो पी. समोरचा नुसता फेकतोय असं धरून चाललं, तर इतका चांगला किंवा याहून चांगला निकाल योगायोगाने किती वेळा लागेल, त्याचा हिशेब. 1935 साली निघालेल्या आपल्या पुस्तकात फिशरनी या कपांवर एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे. हे समजायला प्रोजेक्टर लागत नाही. आठ कप लागतात, आणि ते मध्यंतरात आयतेच आले होते.

त्यानंतर एक मुलगी झेब्राफिशवर बोलली. या माशाच्या अंगावर निळे पट्टे असतात, त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे आतला जीव घडताना बाहेरून दिसतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला डोक्यावर घेतलं आहे. हे सगळं तिने घडाघडा म्हटलं. आम्ही विचारलं, "हा मासा मूळचा कुठला?"

"अमेरिकेचा, सर."

वाचकहो, हा मासा आपला आहे! भारत, नेपाळ, बांगलादेश इथल्या ओढ्यानाल्यांत आणि धानाच्या बांध्यांत तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर पुस्तक लिहिलं, त्यात 1822 साली त्याची पहिली नोंद झाली. पुढे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी ओरेगॉन विद्यापीठात त्याला प्रयोगशाळेत वाढवलं आणि 1981 साली 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आल्यावर त्याचं नशीब उघडलं. म्हणजे आपल्या बांधीतला बोटभर मासा परदेशी गेला, शिकला, नाव काढलं, इंग्रजीत बोलू लागला, आणि गावी परत आल्यावर घरच्यांनी ओळखलं नाही. अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या बाबतीत हे उलटं होतं, एवढाच फरक.

शेवटच्या बाकावर एक मुलगा बसला होता. त्याचे वडील गावच्या बोडीत जाळं टाकतात, असं चहाच्या वेळी कळलं. मालगुजारी तलावांच्या या जिल्ह्यात असली घरं गावोगाव आहेत. बोडीतले बारा मासे तो नावानिशी सांगत होता. कोणता पावसाच्या पहिल्या लोंढ्यात चढतो, कोणता गाळात दडी मारतो, सगळं. सेमिनारभर त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याची स्वतःची पोथी यकृताच्या कर्करोगाच्या पेशींवरची होती आणि ती वाचताना त्याला घाम फुटला होता.

आता कोणी म्हणेल, छापून आलेलं संशोधन मुलांनी श्रद्धेने वाचलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. 1998 साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि मंडळींचा एक निबंध आला. गोवर-गालगुंडाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी असावा, असा संशय त्यातून पसरला. निबंध होता किती मुलांवर? बारा! घाबरलेल्या आईबापांनी लशी टाळल्या, गोवर परत आला, आणि 'लॅन्सेट'ने तो निबंध मागे घेतला 2010 साली. "बारा मुलांवरून असं कसं म्हणता?" हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही. बाजारात बारा आंब्यांवरून पेटी न घेणारी कुठलीही गृहिणी तो विचारील. 2005 साली जॉन इओअनिडिस यांनी तर असा निबंधच लिहिला, की प्रसिद्ध झालेले बहुतेक संशोधन-निष्कर्ष चूक असतात. आणि त्याच्यावरही लोक तुटून पडले. विज्ञान आणि पोथी यांत फरक आहे तो हाच. 'अध्याय चौथा मागे घेण्यात येत आहे, भाविकांनी नोंद घ्यावी', असं कुठल्या पोथीने छापलंय?

आणि भांडण न झाल्यामुळे काय होतं, तेही पाहा. मेंडेलने वाटाण्यांवरचे आपले प्रयोग 1865 साली ब्रनो गावच्या मंडळापुढे वाचून दाखवले. पुढच्या वर्षी ते छापूनही आले. मग 1900 सालापर्यंत सगळं गार. त्या मंडळींनी त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं असतं, तर आनुवंशिकतेची पस्तीस वर्षं वाचली असती.

पण आम्हाला खरा राग आला तो बाराव्या मुलीच्या वेळी. तिचा निबंध लाखोळीवर होता. लाखोळी म्हणजे आमच्या भागात धान उभं असतानाच ओल्या बांधीत फेकून पेरतात ती डाळ. कसलीही मशागत नको, खर्च नको. मात्र महिनोन् महिने तिच्यावरच पोट भरलं तर माणसाचे पाय लुळे पडतात. 1961 साली तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. बांधीतून ती काही गेली नाही. तिच्यातलं विष वेगळं काढून ओळखलं ते आपल्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी, 1964 साली. मुलीचा निबंध होता दाणे भिजवून, उकळून, पाणी फेकून दिलं की विष किती उतरतं यावरचा. तिनेही भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. पण चौथ्या स्लाइडला ती थांबली, वळली आणि मराठीत म्हणाली, "सर, एक विचारू का जी? यायनं फक्त दाने मोजले. आमच्याकडे तर लाखोरीचा कोवळा पाला खुडून भाजी करतात. वाळवून बी ठेवतात. तो का नाही मोजला?"

चौदा पारायणांत उगवलेला हा एकमेव प्रश्न. कोवळ्या पाल्यातही ते विष असतं, आणि तो मोजला का हे विचारणं म्हणजेच संशोधन. आम्ही खुर्चीत सावरून बसलो. एवढ्यात शेजारच्या परीक्षक महोदयांनी घंटी वाजवली. "बेटा, पेपरमध्ये आहे तेवढंच सांग. आणि इन इंग्लिश." मुलगी पुन्हा भिंतीकडे वळली. गुणपत्रकात 'सादरीकरण' या रकान्यात तिला दोन गुण कमी पडले. आम्ही दिले होते तेवढे पूर्ण दिले. पण सरासरी नावाची एक गोष्ट असते आणि तिला पाला कळत नाही.

ते दोन गुण गेले याचं दुःख नाही. त्या मुलीला त्या दिवशी जे शिकवलं गेलं, त्याचं आहे. ज्ञान दूर कुठेतरी तयार होतं, इंग्रजीत तयार होतं, आणि आपण ते फक्त खांद्यावरून वाहून आणायचं, हे तिला शिकवलं गेलं. तिच्या घरच्या भाजीत विष किती, हे जगात सर्वांत निकडीने तिलाच ठाऊक असायला हवं. आणि तो प्रश्न 'विषयाबाहेरचा' ठरला!

यावर कॉलेजची उत्तरं आम्हाला पाठ आहेत. पहिलं : मुलं खेड्यातली आहेत, त्यांना पेपर कुठला झेपतो? मग द्यायचा कशाला? दुसरं : इंग्रजीची सवय व्हायला हवी. कबूल! निबंध इंग्रजीत वाचावा, दहा वेळा शब्दकोश उघडून वाचावा. पण भांडायचं मराठीत, झाडीबोलीत, पोवारीत, हिंदीत, ज्या भाषेत माणसाला घरी भांडता येतं त्या भाषेत. तिसरं : वेळ नाही हो सर, प्रत्येकाला सातच मिनिटं! मग चौदा निबंध कशाला? चार करा. आणि चौथं, दबक्या आवाजातलं : प्रश्न विचारायला लावले आणि मुलांनी आम्हालाच विचारले तर? हे चौथं मात्र प्रामाणिक आहे.

सरकार काही कमी करत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांपर्यंत संशोधन नेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला मंजुरी मिळाली. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे 13,000 नियतकालिकं वाचता यावीत म्हणून तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. उत्तम झालं. पण तेरा हजार पोथ्या आणून शंका विचारणारा एक नसेल, तर नुसते चौरंग वाढतील. 1875 च्या सुमारास कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी जर्नल क्लब काढला, तो महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, ती सगळ्यांनी मिळून घेऊन वाचावीत म्हणून. वर्गणी आणि चर्चा, दोन्ही. आपण वर्गणी भरली आहे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. मुलाने फळ्याजवळ उभं राहून, हातात खडू घेऊन, पाच मिनिटांत एवढंच सांगावं : यांनी काय विचारलं, कसं मोजलं, किती जणांवर मोजलं आणि काय मोजायचं राहिलं. पुढची दहा मिनिटं इतरांनी त्याला घेरावं. गुण वाचणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याला जास्त असावेत. 'मला माहीत नाही' या उत्तराचा एकही गुण कापू नये. उलट 'कसं शोधता येईल' हे सांगितलं तर एक वाढवावा. आणि चारांतला निदान एक निबंध असा असावा की त्यातला प्राणी, वनस्पती किंवा आजार मुलाने स्वतः पाहिलेला आहे. नवेगावबांध आणि नागझिरा ज्या जिल्ह्यात आहेत, राज्यातले उरलेसुरले सारस ज्याच्या धानात घरटी करतात, तिथे विषयांची टंचाई पडेल अशी भीती कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा खिडकी उघडावी.

'सेमिनार' या शब्दाचं मूळ लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ बी पेरून रोपं तयार करायचा वाफा. म्हणजे आमच्याकडे पऱ्हे टाकतात ती जागा. पऱ्हे वाफ्यात कितीही हिरवेगार दिसले तरी तिथेच ठेवले तर लोंबी धरत नाहीत. ते उपटून, पायाखाली चिखल तुडवत, बांधीत रोवावे लागतात. हे गोंदियाच्या पोराला शिकवायची गरज नाही, दर पावसाळ्यात त्याची कंबर या कामात मोडते. शिकवायचं आहे ते कॉलेजांना. एवढं झालं तर समोशालाही आमची हरकत नाही. फक्त तो शंका विचारणाऱ्याला आधी मिळावा, आणि गरम.