विश्लेषण : जुन्या गाडीचे इंजिन बदलणे परवडते कधी? आणि नियमात बसते का?

जुनी गाडी ठेवणे महाग झाले आहे. १५ वर्षांनंतर हलक्या मोटार वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १० हजार करण्यात आले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे नवी पिकअप किंवा जीप घेण्याइतकी ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वेळी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात तिसरा मार्ग सुचवला जातो. गाडी तीच ठेवायची, इंजिन दुसरे बसवायचे. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वारूळवाडी, नारायणगाव, मंचर या गावांत शेतमाल आणि घरची माणसे बहुतेकदा एकाच गाडीतून जातात. तिथे हा हौसेचा विषय उरत नाही. गाडी बंद पडली की धंदा बंद पडतो.

इंजिन खरेच गेले आहे का?

पहिली चूक इथेच होते. गाडी ओढत नाही, धूर सोडते, म्हणजे इंजिन संपले असे गृहीत धरले जाते. पण धुराचा रंग बरेच काही सांगतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळत आहे. पिस्टनच्या रिंगा, सिलिंडर किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. यात दोष अनेकदा इंजेक्टर, पंप किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो आणि तो इंजिनाला हात न लावता निघतो. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे लागते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजवर मोजून घेतले की अर्धा संशय फिटतो. हे काम तासा-दोन तासांचे आहे, तरीही ते न करताच इंजिनाचा सौदा ठरवणारे पुष्कळ.

इंजिन खरोखर झिजले असेल तरी बदलण्याआधी ते बांधण्याचा पर्याय आहे. सिलिंडर बोअर करणे किंवा लायनर बदलणे, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड करून नवे बेअरिंग, हेडचे फेसिंग, ही कामे लेथवाल्याकडे आणि चांगल्या मिस्त्रीकडे होतात. जुन्या साध्या डिझेल इंजिनांचे सुटे भाग अजून मिळतात. बांधलेल्या इंजिनाचा क्रमांकही तोच राहतो. पुढे कायद्याचा भाग पाहिला की या एका गोष्टीची किंमत कळते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ या बाबतीत कडक आहे. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. अपवाद आहे तो इंधन बदलण्याचा. मंजूर किट वापरून गाडी सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेता येते.

म्हणजे त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही एक गोष्ट आणि जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच कंपनीचे जास्त ताकदीचे इंजिन घालणे ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी, इंजिनाचे बिल, वाहनाची तपासणी आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद असा रस्ता आहे. जुन्नर तालुक्याच्या गाड्या ‘एमएच १४’ मध्ये येतात, त्यामुळे काम पिंपरी-चिंचवड कार्यालयाशी असते. गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची लेखी संमती लागते. दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने असणाऱ्याला राज्य सरकार त्याच प्रकारचे इंजिन आधी मंजुरी न घेता बदलण्याची मुभा देऊ शकते, पण त्यालाही १४ दिवसांत कळवावे लागते. एका पिकअपच्या मालकाला ही सवलत नाही.

दुसऱ्या प्रकारात ‘आधी बसवू, नंतर पासिंगचे बघू’ हा सल्ला ऐकू येतो. तो महागात पडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

नोंद केली नाही तर कुणाला कळते?

पूर्वी कळत नसे, हे खरे. आता इंजिन क्रमांक जागोजागी विचारला जातो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी सक्तीची आहे. तिच्यासोबत काचेवर लावायच्या स्टिकरवर चेसिस आणि इंजिन क्रमांक असतो, आणि तो सरकारी नोंदीतून येतो. इंजिन बदलून नोंद केली नसेल तर स्टिकरवर एक क्रमांक आणि बॉनेटखाली दुसरा, अशी स्थिती होते. विम्याच्या पॉलिसीतही इंजिन क्रमांक असतोच. अपघातानंतर सर्वेक्षकाने बॉनेट उघडले की दावा अडू शकतो.

जुन्या इंजिनाच्या खरेदीत आणखी एक धोका आहे. मुंबईच्या कुर्ल्यासारख्या भंगार बाजारातून आलेले इंजिन कोणत्या गाडीचे, ती गाडी रीतसर भंगारात निघाली की चोरीला गेली, हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरत नाही. ज्या गाडीतून ते निघाले तिचा नोंदणी तपशील आणि पक्के बिल मिळत नसेल, तर स्वस्त इंजिनही घेऊ नये.

हिशोब कसा मांडायचा?

समजा, जुनी गाडी लिटरला १० किलोमीटर देते आणि बदललेल्या इंजिनावर १३ देईल. डिझेल ९० रुपये धरू आणि इंजिन, मजुरी, कागदपत्रे मिळून खर्च १ लाख २० हजार. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे सुमारे ३५ लिटर, म्हणजे ३,१०० रुपये वाचतील. खर्च निघायला सव्वातीन वर्षे लागतील. हीच गाडी महिन्याला ४०० किलोमीटरच फिरत असेल तर बचत ८३० रुपयांची आणि वसुलीला १२ वर्षे. तोवर चेसिस टिकेल का, हा वेगळाच प्रश्न.

मात्र नुसत्या ॲव्हरेजवर निर्णय घेणे या भागात अपुरे ठरते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या टोमॅटो बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता. अशा दिवसांत क्रेट भरलेली पिकअप घाटात बंद पडली, तर एका खेपेचे नुकसान वर्षभराच्या डिझेल बचतीपेक्षा मोठे असते. ज्याची गाडी हंगामात रोज बाजार गाठते, त्याच्यासाठी भरवशाला मोल आहे आणि ते हिशोबात धरलेच पाहिजे. याउलट नारायणगावच्या तमाशा फडांच्या गाड्या पाहा. यात्रांच्या महिन्यांत धावायचे आणि पावसाळ्यात उभे राहायचे, असे त्यांचे वर्ष. तिथे आहे ते इंजिन नीट बांधून घेणे बहुधा जास्त शहाणपणाचे.

दुसऱ्या जातीचे इंजिन बसवताना खर्च नेमका कुठे वाढतो?

इंजिनाच्या किमतीत नाही, भोवतालच्या गोष्टींत. माउंटिंग नवी बनवावी लागते, गिअरबॉक्सशी जोड जुळवावा लागतो, कधी प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, रेडिएटर पुरत नाही. कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीयू, सेन्सर आणि पूर्ण वायरिंग सोबत हवे. त्यातले एक जरी राहिले तरी इंजिन ठप्प. ताकद वाढली की ब्रेक आणि पुढच्या पाट्यांवरही भार येतो, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आधी २५ हजार सांगितलेली मजुरी दुप्पट होते ती अशी.

इंधन बदलण्याचा मार्ग?

पेट्रोल गाडीसाठी मंजूर सीएनजी किट हा त्यातल्या त्यात सोपा आणि कायदेशीर पर्याय, अर्थात इंजिन तंदुरुस्त असेल तर. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे जुन्या गाडीवाल्यांना तो जास्त आठवू लागला आहे. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्के इथेनॉलला जुळवून घेतलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. विजेच्या किटला पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेची मान्यता लागते, मालवाहू ग्रामीण गाडीसाठी बॅटरीचा खर्च अजून झेपणारा नाही.

मुंबईच्या टॅक्सींनी हे सगळे आधी अनुभवले आहे. डिझेल स्वस्त म्हणून अनेक पद्मिनी टॅक्सींत डिझेल इंजिने बसवली गेली. पुढे प्रदूषणाच्या खटल्यात उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले आणि मालकांना दुसऱ्यांदा खर्च आला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, इंजिन चालू स्थितीत असतानाच.

मग गाडी केव्हा सोडायची?

चेसिसला गंज लागून वेल्डिंगवर वेल्डिंग झाले असेल, तर कोणतेही इंजिन तिला वाचवत नाही. गाडी रॅम्पवर घेऊन हातोडीने चेसिस ठोकून पाहणे हे इंजिनाचा भाव विचारण्याआधीचे काम. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी तंदुरुस्ती प्रमाणपत्र लागते, त्यात ब्रेक आणि सांगाडाही पाहिला जातो. गाडी नोंदणीकृत केंद्रात भंगारात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवते. गावातल्या भंगारवाल्याला गाडी विकली तर हे प्रमाणपत्र मिळत नाही आणि नोंदणी रद्द करून घेतली नाही तर गाडी कागदावर मालकाच्याच नावे राहते.