वर्णपट विद्यार्थ्याच्या हाती

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात प्रकाशाच्या विकिरणाचा जो नवा आविष्कार टिपला, तो सूर्यप्रकाश, रंगगाळण्या आणि हातात मावणारा वर्णपटदर्शक एवढ्या सामग्रीवर. २८ फेब्रुवारीला त्याचा गौरव दरवर्षी होतो. महागडा वर्णपटमापक मात्र बहुतेक विद्यार्थ्यांनी दुरूनच पाहावयाची वस्तू राहतो.

खुल्या आराखड्यांच्या उपकरणांनी ही सबब आता उरू दिलेली नाही. डीव्हीडीचा तुकडा, अरुंद फट, काळा पुठ्ठा आणि मोबाइलचा कॅमेरा यांतून वर्णपटमापक उभा राहतो. जुन्या ट्यूबलाइटमधील पाऱ्याच्या ४३६ व ५४६ नॅनोमीटरच्या रेषांवरून त्याची मोजपट्टी आखता येते. टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून उन्हात ठेवलेल्या मिथिलीन ब्लूचे नमुने ठराविक वेळाने गाळून घेतले, तर ६६४ नॅनोमीटरपाशी ओसरत जाणारा रंग मोजता येतो.

क्षणार्धात उरकणाऱ्या अभिक्रिया त्याला दिसणार नाहीत, हे खरे. त्यासाठी नॉरिश आणि पोर्टर यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या तंत्रासारखीच साधने हवीत. परंतु अभिक्रियेचा वेग स्वतः मोजणे आणि जुन्या वहीतील आकडे उतरविणे यांत महदंतर आहे. विद्यापीठांनी अशा स्वनिर्मित उपकरणांना प्रात्यक्षिक परीक्षेत रीतसर स्थान आणि गुण द्यावेत.