औषधाच्या पावतीवर नसलेली किंमत

कारखाना नदीत सांडपाणी सोडतो, भुर्दंड खालच्या गावाला बसतो. मालाच्या किमतीत मात्र तो दिसत नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य खर्च म्हणतात. साध्या सर्दीखोकल्यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घेतल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक गोळ्यांनाही असा न मांडलेला खर्च आहे. त्याचा पहिला हप्ता मात्र घेणाऱ्याच्याच आतड्यातून वसूल होतो.

आतड्यात नांदणारे अब्जावधी जीवाणू परक्या जंतूंना तेथे पाय रोवू देत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. यकृतातून येणारी काही पित्ताम्ले त्याच्या बीजाणूंना अंकुरण्यास साह्य करतात. परंतु रहिवासी जीवाणू त्याच पित्ताम्लांपासून अशी द्रव्ये बनवितात की, ज्यांत या जंतूची वाढ खुंटते. प्रतिजैविकांच्या माऱ्यात हे रहिवासी नष्ट झाले म्हणजे जंतूला रान मोकळे मिळते. तो फोफावतो, विषे सोडतो आणि जुलाबांनी रुग्ण हैराण होतो. प्रसंगी प्राणास मुकतो. सगळेच रहिवासी सज्जन असतात असेही नव्हे. एंटेरोकॉकस हे जीवाणू या जंतूला काही अमिनो आम्ले पुरवून त्याची विषनिर्मिती वाढवितात, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. फितुरी तेथेही आहेच!

गमतीची गोष्ट अशी की, प्रतिजैविकाने ओढवलेल्या या रोगावर उपाय म्हणून पुन्हा प्रतिजैविकच दिले जाई, आणि रोग पुन्हा उलटे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात अशा रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेचे द्रावण सोडण्यात आले. सोळांपैकी तेरा जण पहिल्याच खेपेस बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या तेरांपैकी चारच. नाक मुरडण्याजोगा हा उपचार. पण गमावलेले भांडवल परत मिळाल्याखेरीज धंदा सावरत नाही, हेच त्यातून दिसले.

अमेरिकेत 2011 या एका वर्षात या जंतूची सुमारे साडेचार लाख लोकांना बाधा झाली आणि सुमारे 29 हजार रुग्ण निदानानंतर महिनाभरात दगावले, असा अंदाज आहे. शिवाय हे बीजाणू शेजारच्या खाटेवरील रुग्णापर्यंत पोहोचतात. मद्यार्कयुक्त सॅनिटायझरने ते मरत नाहीत, हात साबणपाण्यानेच धुवावे लागतात. खर्च खऱ्या अर्थाने बाह्य होतो तो येथे.

आपल्याकडे 2013 च्या अधिसूचनेने औषध नियमांत एच-1 ही अनुसूची आली. तीतील निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा दंडक आहे. दंडक योग्यच, परंतु डॉक्टरची फी आणि बुडालेला रोज यांची बेरीज गोळ्यांच्या किमतीहून अधिक होत असेल, तर मजूर थेट दुकान गाठणारच. त्याचा हिशेब चुकलेला नाही, पावती अपुरी आहे. कर बसवून गोळ्या महाग कराव्यात, हा पाठ्यपुस्तकी उपाय येथे घातक ठरेल. कारण न्यूमोनिया झालेल्या गरिबाच्या मुलालाही त्याच गोळ्या लागतात. त्यापेक्षा गोळीची गरज आहे की नाही हे ठरविण्यास साह्य करणारी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य आणि संध्याकाळी, कामाची वेळ संपल्यावर, उपलब्ध करणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. नोंदवहीला ती लागत नाही, म्हणूनच बहुधा नोंदवही आधी आली.