ढोलाची बिदागी

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल होऊन गावपळण ठरते, तेव्हा दिवस सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. तरीही देवळातली नौबत झडेपर्यंत आणि तोफ होईपर्यंत कुणी वेस ओलांडत नाही. मग मात्र म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्रे असं सगळं गाव बाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर झावळ्यांच्या राहुट्यांत संसार. सर्व जातिधर्मांचे लोक यात असतात. परतायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावरच. चिंदर, वायंगणी आणि वैभववाडीतल्या शिराळ्यालाही ही रीत आहे.

हजारो माणसांना घराबाहेर काढणारं वाद्य मला नुसतं वाजंत्री वाटत नाही. आमच्याकडे नौबतीसारखंच ढोलालाही बोलता येतं. पालखी उठली, वाटेत थांबली, दसऱ्याला देवाची तरंगकाठी घेतलेल्याच्या अंगात अवसर आला, शिमग्याचं रोंबाट निघालं, प्रत्येक वेळी हात वेगळा चालतो. अंथरुणाला खिळलेली आजी नुसत्या कानावर सांगते, "पालखी इली गे वाडीत!" पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक आपल्या भाषेतले चढउतार ढोलावर काढून निरोप देतात, याचं जगभर कौतुक होतं. ते व्हायलाच हवं. पण आपल्या देवळातल्या हातांकडे आपण तेवढं लक्ष दिलंय का?

पखवाजाचं नशीब त्या मानानं बरं. दशावतार सुरू व्हायच्या आधी रंगपटाजवळ जाऊन बघा. पखवाजी धुमेवर ओली कणीक थापतो, बोटानं थोडी काढतो, पुन्हा लावतो. मग गठ्ठ्यांवर हातोडीचे हलके ठोके देत पायपेटीच्या सुराला पुडी आणतो. डबलबारी भजनाच्या फलकावर बुवांच्या नावाखाली त्याचंही नाव छापतात. रसिक त्याच्यासाठी म्हणून येतात.

ढोलवाल्याचं नाव कुठेच नसतं. कारण जुनं आहे. अनेक गावांत ढोल वाजवणं हे काम नव्हतं, जातीवर लादलेली चाकरी होती. बाबासाहेबांच्या हाकेनंतर कित्येकांनी ती झुगारली, आणि बरोबरच केलं. कनिष्ठ गाव वतनं मोडणारा कायदा 1958 चा. चाकरी गेली, पण ती फुकट मिळावी ही गावकीची अपेक्षा काही ठिकाणी अजून गेलेली नाही. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम मोजतात, आणि रात्रभर पालखीपुढे चालणाऱ्याच्या हातावर नारळ ठेवतात. मग त्याचा मुलगा गोव्यात नोकरीला गेला की 'परंपरा बुडाली' म्हणून हळहळायचं. ही हळहळ मला खोटी वाटते.

ढोल टिकवायचा तर तो जातीतून सोडवून कलेत आणावा लागेल. शिकायला येईल त्या मुलाला, मुलीला शिकवावं, घराणं विचारू नये. जाणत्या वादकांचे हात, कुठल्या प्रसंगाला कुठला, हे गावोगाव आताच चित्रित करून ठेवावं; ते लिहून ठेवण्याजोगं नाही, हातातूनच कळतं.

आणि मुख्य म्हणजे पैसे. जत्रांचा हंगाम सुरू होण्याआधी देवस्थान समित्यांच्या बैठका होतात, खर्चाची यादी होते. मंडप, वीज, दशावतार कंपनी यांच्याबरोबर ढोलवाल्यांची बिदागी त्या यादीत यावी, रकमेसह. आणि जत्रेच्या पत्रिकेवर त्यांची नावं, पुऱ्या नावानिशी.