'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चे श्रेय कुणाचे?

#थ्रेड

१/ 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ने १९७५ साली अमेरिकी विनोदात क्रांती घडवली, हे विधान इतके रूढ झाले आहे की त्यासाठी पुरावा मागावा असे कुणाला वाटतही नाही. माझ्या मते ते अर्धसत्य आहे. या क्रांतीची तालीम त्याआधीच एका विनोदी मासिकाच्या खर्चाने रंगमंचावर आणि रेडिओवर होऊन गेली होती.

२/ पुरावा पहिल्याच भागात सापडतो. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी एनबीसी वाहिनीवर तो प्रसारित झाला. आरंभीच्या प्रहसनात इंग्रजी शिकवणारे मायकेल ओ'डोनोह्यू आणि त्यांचे प्रत्येक वाक्य गिरवणारे जॉन बेलुशी दिसतात. शेवटी चेव्ही चेस प्रवेश करतात. हे तिघेही 'नॅशनल लॅम्पून'च्या मुशीतून आलेले होते.

३/ 'हार्वर्ड लॅम्पून' या विद्यार्थी नियतकालिकातून बाहेर पडलेल्या डग केनी, हेन्री बिअर्ड आणि रॉब हॉफमन यांनी १९७० साली हे मासिक सुरू केले. जाहिराती, पाठ्यपुस्तके, बातम्या यांची हुबेहूब नक्कल करून त्यांतील ढोंग उघडे पाडणे, ही त्याची रीत. ऑक्टोबर १९७४ च्या अंकाचा खप १० लाखांवर गेला.

४/ जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेट येथे 'लेमिंग्ज' रंगमंचावर आले. उत्तरार्धात १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचे विडंबन होते: येथे जमलेला समुदाय शांतीसाठी नव्हे, सामूहिक आत्मघातासाठी आलेला! म्हणजे मासिकाने आपल्याच तरुण वाचकांच्या दैवतांवर शस्त्र धरले. बेलुशी, चेस आणि क्रिस्टोफर गेस्ट या प्रयोगातूनच पुढे आले.

५/ १७ नोव्हेंबर १९७३ रोजी 'नॅशनल लॅम्पून रेडिओ अवर' सुरू झाला. पहिल्या १३ भागांची धुरा ओ'डोनोह्यू यांच्याकडे होती. पुढे एक तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला आणि डिसेंबर १९७४ मध्ये थांबला. छापील विडंबनाला येथे आवाज मिळाला. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. शब्द, ध्वनी आणि वेळेचे भान एवढ्यावरच सारे तोलायचे होते.

६/ १९७५ च्या 'नॅशनल लॅम्पून शो'मध्ये बेलुशींसह गिल्डा रॅडनर, बिल मरे आणि हॅरल्ड रेमिस होते. त्याच वर्षी बेलुशी आणि रॅडनर वाहिनीवर गेले, ओ'डोनोह्यू तेथे प्रमुख लेखक झाले. पुढे मरेही दाखल झाले. एवढी माणसे एकाच दारातून जातात, तेव्हा त्याला योगायोग म्हणणे हा आळस आहे.

७/ प्रतिवाद रास्त आहे: बेलुशी, रॅडनर, मरे, रेमिस हे आधी 'सेकंड सिटी' या नाट्यसंस्थेत घडले होते, आणि थेट प्रक्षेपणाचे धाडस निर्माते लॉर्न मायकल्स यांचे होते. दोन्ही मान्य. मासिकाचे उदात्तीकरणही नको. त्यातील पुष्कळ विनोद स्त्रियांची आणि कृष्णवर्णीयांची अवहेलना करणारा होता. तथापि छापील उपहासाचा विखार आणि रंगमंचावरील उत्स्फूर्तता यांचा मेळ प्रथम कोठे बसला, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलत नाही.

८/ मग विस्मरण का झाले? काही दोष मासिकाकडेच जातो. १९७५ मध्येच तिन्ही संस्थापकांनी आपला हिस्सा ७५ लाख डॉलरांना विकला. मालकांपाशी नाव उरले, माणसे गेली. 'ॲनिमल हाउस' (१९७८) या चित्रपटाच्या यशानंतर ते नाव चित्रपटांच्या शीर्षकांना जोडण्याच्या कामी येऊ लागले. मासिक क्षीण होत १९९८ मध्ये बंद पडले. वाहिनी मात्र टिकली, आणि दर वर्धापनदिनी आपला इतिहास स्वतःच सांगत राहिली.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सावध व्हावे ते येथे. टिकलेली संस्था स्वतःच्या जन्माची जी कथा सांगते, ती साधन म्हणून वाचावी, निष्कर्ष म्हणून नव्हे. पुढच्या वेळी कुणी '१९७५ मध्ये सुरुवात झाली' असे लिहिले, तर एवढेच विचारा: त्या रात्री पडद्यावर आलेले पहिले तिघे आदल्या वर्षी कोठे काम करत होते?