हा आजार आहे, लाज कसली?

"वकीलसाहेब, पोरीच्या छातीचा प्रॉब्लेम आहे." एवढेच बोलून तो बाप खाली मान घालून बसला. विहारात दर रविवारी न चुकता येणारा, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा, कामावर अन्याय झाला तर साहेबाला तोंडावर सुनावणारा हा माणूस. पण स्वतःच्या मुलीचे दुखणे सांगताना त्याची जीभ अडखळली. शेवटी बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला आत बोलावले, तेव्हा सगळी हकीकत कळली.

मुलगी सतरा वर्षांची. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली आणि पुढच्या सात-आठ महिन्यांत दोन्ही स्तन एवढे वाढले की शाळेचा गणवेश अंगाला बसेना. मान, खांदे, पाठ सतत दुखते. पट्ट्यांनी खांद्यावर खोल वळ पडले आहेत. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी घामाने ओली राहून चिघळते. आधी सायकल सुटली, मग कबड्डी सुटली, दहावीनंतर शिक्षणही सुटले. वस्तीतल्या बायका कुजबुजल्या, पोरगी कुणाच्या तरी नादाला लागली असणार! नाक्यावरच्या पोरांनी नाव पाडले. एका नातेवाईकाने तर 'करणी' उतरवणारा देवऋषी सुचवला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला!

आईने मात्र धीर सोडला नाही. तिने मुलीला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या सर्जनने तपासले, गाठ नाही ना याची सोनोग्राफीने खात्री केली आणि स्वच्छ शब्दांत लिहून दिले की हा आजार आहे, ऑपरेशन करावे लागेल. घरात मेडिक्लेमची पॉलिसी होती. बापाने पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षे हप्ते भरले होते. विमा कंपनीचे उत्तर दोन ओळींचे आले : सदर उपचार सौंदर्यवर्धनाचा असल्याने दावा अमान्य.

सौंदर्यवर्धन! ज्या मुलीने चार वर्षे आरशात बघायचे टाळले, तिला म्हणे सुंदर व्हायचे आहे!

हा आजार काय आहे ते आधी समजून घेऊ. वैद्यकशास्त्र याला 'जायगँटोमास्टिया' म्हणते, सौम्य असेल तर 'मॅक्रोमास्टिया'. व्याख्येवर डॉक्टरांचे एकमत नाही. एका स्तनातली जादा वाढ दीड किलोच्या वर गेली की जायगँटोमास्टिया, असे पुष्कळ सर्जन मानतात. काही जण शरीराच्या वजनाच्या ३ टक्के ही मर्यादा धरतात. दोन्ही बाजूंचे मिळून तीन किलो तांदूळ गळ्यात अडकवून दिवसभर वावरून पाहा, म्हणजे मान का दुखते ते कळेल. वयात येताना होणारा हा एक प्रकार. दुसरा गरोदरपणात होतो, तो फार दुर्मीळ. त्यात कातडी फाटून जखमा होतात, रक्त वाहते, जीवावरही बेतू शकते. पेनिसिलामाईनसारख्या औषधानेही हे झाल्याच्या नोंदी आहेत. काही वेळा कारणच सापडत नाही. शरीरातल्या संप्रेरकांना स्तनांच्या पेशी प्रमाणाबाहेर प्रतिसाद देतात, असे मानले जाते. लठ्ठपणातही स्तन मोठे होतात, पण वयात येताना झपाट्याने होणारी ही वाढ किडकिडीत मुलीलाही होते. मुलीच्या चालचलणुकीचा, कुणाच्या स्पर्शाचा, नजर लागण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. इंग्लंडातल्या प्लिमथ गावच्या अशा एका रुग्णाची हकीकत १६६९ सालीच तिथल्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली. म्हणजे साडेतीनशे वर्षे डॉक्टरांना हे माहीत आहे. आमच्या वस्तीपर्यंतच ते पोचलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या वर्गीकरणात याला स्वतंत्र क्रमांक आहे, एन ६२. मुलग्यांची छाती वाढते तो गायनेकोमास्टियाही याच क्रमांकाखाली येतो. (शाळेत अशा मुलांची काय थट्टा होते, हे शिक्षकांनी स्वतःला विचारावे.) उपचार मुख्यतः ऑपरेशनचा, जादा ऊतक काढून स्तन लहान करायचे. वाढ थांबण्याआधी घाई केली तर ते पुन्हा वाढू शकतात. पुढे बाळाला अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. हे सगळे डॉक्टरांनी मुलीला समजावून सांगायला हवे, तिच्या बापाला कोपऱ्यात घेऊन नव्हे.

आता कायदा. आरोग्य विम्यात काय वगळायचे याची भाषा विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिली. त्यात रूप बदलण्याचे उपचार वगळले आहेत, पण अपवाद ठेवून : अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार. ती आवश्यकता प्रमाणित करायची ती उपचार करणाऱ्या डॉक्टरने. विमा कंपनीच्या कारकुनाने नव्हे! 'तातडीचा' या शब्दावर कंपनीचा वकील बोट ठेवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात नुसते आजाराचे नाव असून भागत नाही. चिघळलेली कातडी, मानेचे दुखणे, आधी केलेले उपचार आणि त्यांचा न आलेला गुण हे सगळे तारखांसह हवे. आणि गळ्याला आलेला गलगंड काढला तर माणूस दिसायलाही बरा दिसतो, म्हणून ते ऑपरेशन सौंदर्याचे ठरते काय?

दावा नाकारला की बहुतेक लोक गप्प बसतात. तसे करू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. (माझ्या धंद्याचे नुकसान करून सांगतो आहे.) पॉलिसी नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा.

पण खरी अडचण कायद्याच्या आधीची आहे. ती आपल्या जिभेची आहे. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, हा गुन्हा! तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. शरीराविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्याच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहतात आणि त्यांचे आम्ही अनुयायी 'स्तन' हा शब्द उच्चारताना दाराकडे बघतो! त्रावणकोरात चन्नार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी १८५९ पर्यंत झगडावे लागले. तो इतिहास आपण व्यासपीठावरून त्वेषाने सांगतो. व्यासपीठावरून उतरल्यावर रस्त्याने जाणाऱ्या बाईच्या शरीरावर शेरा मारणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. त्यांना तिथल्या तिथे टोकले नाही, हा दोष माझाही आहे.

विहारांच्या महिला मंडळांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या डॉक्टर भगिनीला बोलवावे. मुलींना एकटीने विचारता येईल अशी वेळ ठेवावी. पुरुषांसाठी वेगळा वर्ग ठेवला तर पहिल्या बाकावर मी बसेन.

लोकपालाकडची तक्रार आमच्या ऑफिसात टाईप झाली, तेव्हा माझ्या ज्युनिअरने 'वक्षस्थळासंबंधी समस्या' असे लिहिले होते. मीही ते तसेच जाऊ दिले असते. मसुदा वाचायला मुलीच्या हाती दिला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "सर, डॉक्टरांनी लिहिलंय तेच लिहा ना." आम्ही ते पान पुन्हा काढले. बापाने सही केली. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.