बाई, रिमोटशिवाय टीव्ही चालतच नाही का?

मुलांनो,

गेल्या पंधरवड्यातल्या सोमवारची गोष्ट. प्रार्थना झाली, हजेरी झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिसऱ्या बाकावरची एक मुलगी आज अगदी गप्प आहे. एरवी तिला "तोंड मिट गं" असं मला दहा वेळा सांगावं लागतं. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलं, "काय गं, डबा नाही का आणलास?" तर डोळ्यांतून टपटप पाणीच!

(आपलं नाव लिहायचं नाही, या अटीवर तिनं आणि तिच्या घरच्यांनी ही गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे. म्हणून आपण तिला चिमणी म्हणू.)

तर झालं होतं असं. गुरुवारी संध्याकाळपासून चिमणीच्या घरचा टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. शेवटचा कोणाच्या हातात होता? चिमणीच्या. मग हरवला कोणी? चिमणीनं! झाला निकाल. बाबांचा एक धपाटा पाठीत बसला, तो बसलाच.

"मी दिवाणावरच ठेवला होता हो बाई," ती मुसमुसत म्हणाली. "आणि धपाट्याचं काही नाही. मला आजीचं वाईट वाटतंय."

आजीचे गुडघे दुखतात. भिंतीला धरून ती जेमतेम मोरीपर्यंत जाते. आई-बाबा कामावर, चिमणी शाळेत, रांगणारा धाकटा भाऊ पाळणाघरात. दिवसभर आजीला सोबत टीव्हीची. सकाळी कीर्तन, दुपारी जुना सिनेमा. आता नवा रिमोट पगार झाल्यावर, आणि पगाराला अजून दहा-बारा दिवस. तोवर आजी बंद टीव्हीकडे बघत बसून होती.

डोळे पुसत चिमणीनं विचारलं, "बाई, रिमोटशिवाय टीव्ही चालतच नाही का?"

मला हा प्रश्न फार आवडला. "रिमोट कुठे गेला?" हे सगळेच विचारतात. "त्याच्याशिवाय चालतं का?" हे फार थोडे विचारतात. म्हणून आज तोच विषय.

आधी एक गंमत ऐका. टीव्ही आला तेव्हा त्याला रिमोट नव्हताच! मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळच्या टीव्हीला गोल खुंट्या असायच्या, त्या कटकट फिरवायच्या. घरातलं सगळ्यात धाकटं मूल हाच रिमोट! "ऊठ रे, आवाज कमी कर," की उठला बिचारा.

अमेरिकेत रिमोट जरा आधी आला. १९५० साली शिकागोच्या झेनिथ कंपनीनं एक रिमोट काढला. त्याचं नाव होतं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आपल्या भाषेत आळशीराम. पण त्याला टीव्हीपर्यंत जाणारी लांब तार होती. लोक तारेत पाय अडकून पडू लागले. १९५५ साली त्याच कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅशमॅटिक’ बनवला. बॅटरीसारखा झोत टीव्हीच्या एकेका कोपऱ्यावर मारायचा, की काम होई. पण खिडकीतून ऊन आलं, की टीव्हीला वाटे हुकूमच आला! मग १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात ॲल्युमिनियमच्या कांड्या होत्या. बटण दाबलं, की आतली छोटी हातोडी कांडीवर आपटायची आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा बारीक सूर निघायचा. तो सूर टीव्ही ऐकायचा. त्या रिमोटला सेल लागतच नसे, बरं का!

आता आपल्या हातातला रिमोट. त्याच्या तोंडाशी एक इवलासा दिवा असतो. त्याचा उजेड तांबड्या रंगाच्या पलीकडचा. त्याला अवरक्त किरण म्हणतात. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण टीव्हीला दिसतो.

मी चिमणीला विचारलं, "शाळेची घंटा ऐकून तुला कसं कळतं, तास संपला की शाळा सुटली?"

"तास संपला, की एकच ठोका. सुटली, की घणघणघण!"

"हो ना? रिमोट तेच करतो. फक्त ठोक्यांऐवजी उजेडाच्या लुकलुकण्यानं." लांब लुकलुक, आखूड लुकलुक, मधे थोडी थोडी विश्रांती, असा एकेका बटणाचा ठरलेला ठेका असतो. बहुतेक रिमोटांत आधी पत्ता आणि मग हुकूम. मी नाही का म्हणत, "नंबर सहा, उभा राहा"? तसंच. म्हणून टीव्हीच्या रिमोटनं पंखा चालत नाही. आणि उन्हानं घोटाळा होऊ नये म्हणून हा दिवा लुकलुकताना सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा थरथरतो. टीव्ही तेवढ्याच थरथरीकडे लक्ष देतो. १९५५ सालची उन्हाची तक्रार अशी मिटली!

यातली मुख्य गोष्ट ध्यानात आली का? हाक कोण मारतंय, हे टीव्ही बघत नाही. हाक बरोबर आहे का, एवढंच बघतो. म्हणजे तीच हाक दुसऱ्या कोणी मारली, तरी टीव्ही ‘ओ’ देणार!

मग मी आणि चिमणीनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली. तीच तुम्हालाही देते.

एक. टीव्हीच्या अंगावरचं बटण. रिमोट आला, तरी बहुतेक टीव्हींवर एखादं तरी बटण असतंच. पण ते लपलेलं असतं. खालच्या कडेला मधोमध, कंपनीच्या नावाच्या खाली किंवा मागे एका बाजूला. हात फिरवून चाचपडायचं. काही ठिकाणी एकच बटण सगळं करतं. एकदा दाबलं, की टीव्ही चालू. पुन्हा दाबलं, की पडद्यावर यादी. काहींना खेळातल्यासारखी छोटी दांडी असते, ती चारी बाजूंना ढकलायची. मात्र टीव्ही उंच असेल, तर खुर्चीवर चढू नका. मोठ्या माणसाला बोलवा.

दोन. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा, एक बॉक्सचा. बॉक्सच्या रिमोटनं चॅनल बदलतात, बहुधा आवाजही. अडतं फक्त टीव्ही चालू करायला. काही बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीसाठी वेगळं बटणही असतं आणि त्याला टीव्हीची हाक शिकवता येते. दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं पाठ करायचं. अगदी पाढ्यांसारखं! पण गुरुजीच हरवले, तर शिष्य शिकणार कोणाकडून? म्हणून हे काम जुना रिमोट हरवण्याआधी करायचं असतं.

तीन. मोबाईल. काही मोबाईलांच्या वरच्या कडेला त्याच अदृश्य दिव्याची काळी खिडकी असते. असा मोबाईल रिमोटसारखीच हाक मारतो. नसेल आणि टीव्ही स्मार्ट असेल, तर दुसरी वाट. टीव्ही आणि मोबाईल एकाच वाय-फायवर हवेत. मग टीव्हीच्या कंपनीचं ॲप घ्यायचं. पडद्यावर आकडे दिसले, तर ते मोबाईलमध्ये टाकायचे. पण ॲप आई-बाबांना विचारूनच घ्या. रिमोटचं ॲप घरातल्यांचे फोन नंबर मागू लागलं, तर ते नकोच. टीव्ही लावायला नंबर कशाला हवेत?

चार. संगणकाचा माउस. खरंच! बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींच्या मागच्या यूएसबीच्या खाचेत साधा माउस लावला, की पडद्यावर बाण येतो. वाय-फायचं नाव बदललं म्हणून मोबाईलही चालेना, अशा वेळी तर हा माउस फार उपयोगी.

पाच. नवा रिमोट. दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या. जुन्या रिमोटचा फोटो असेल, तर फारच छान. साधा रिमोट स्वस्त मिळतो. बोलून चालवायचा महाग पडतो आणि तो टीव्हीशी एकदा जोडूनही द्यावा लागतो. बऱ्याच टीव्हींना चालणारे युनिव्हर्सल रिमोटही मिळतात. त्यांच्या पोटात कितीतरी कंपन्यांच्या हाका भरलेल्या असतात. त्यातली आपली कोणती, ते एकेक करून शोधायचं.

यादी झाली. मी विचारलं, "यातलं आजीला कोणतं जमेल?"

चिमणीनं विचार केला. "मोबाईल नाही. तो बाबांबरोबर कामावर जातो. माउसची तार आजीपर्यंत पोचणार नाही. बाई, बॉक्सचा रिमोट आजीच्या उशाशीच आहे! सकाळी मी बाबांना बटण दाबायला सांगेन. पुढचं आजी करेल."

शाब्बास! उपाय पुष्कळ असतात. ज्याची अडचण, त्याच्या हाताला जमेल, तो खरा उपाय.

मंगळवारी चिमणी नाचतच वर्गात आली. बटण सापडलं होतं, टीव्हीच्या खालच्या कडेला, धुळीनं माखलेलं. त्या दिवशी आजीनं कीर्तनही बघितलं आणि सिनेमाही.

पण शोध थांबला नव्हता. बुधवारी आईनं दिवाणाखालून कुंचा फिरवला. रिमोट नाही निघाला. निघाला एक गोल, चपटा, नाण्यासारखा सेल. दिव्यांच्या माळेच्या चिमुकल्या रिमोटमधून कधीतरी पडलेला. आणि घरात रांगतं बाळ! पालकांनो, हे मुद्दाम वाचा. असा सेल लहान मुलानं गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. दिसायला संपलेला सेलही धोक्याचा. नुसती शंका आली, तरी वाट न पाहता मुलाला थेट मोठ्या दवाखान्यात न्या. आणि रिमोटचं मागचं झाकण ढिलं असेल, तर आजच घट्ट करा.

आता तुम्ही विचाराल, रिमोटचं काय झालं?

गुरुवार उजाडला. आजी दर गुरुवारी पोथी वाचते. तिनं बासन सोडलं, आणि पोथीबरोबर हे लांबोडकं काळं काहीतरी मांडीवर पडलं. मागच्या गुरुवारी दिवाणावर पोथीशेजारी रिमोट होता. आजीनं दोन्ही एकत्रच गुंडाळून फळीवर ठेवून दिलं होतं!

आजी आधी खूप हसली. मग गंभीर झाली. संध्याकाळी बाबा आल्यावर तिनं त्यांना समोर बसवलं आणि म्हणाली, "हरवला मी. आणि धपाटा कोणाला बसला?"

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं चिमणीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाळा. आधी विचारायला हवं होतं."

चिमणी मला म्हणाली, "बाई, बाबा असं पहिल्यांदाच बोलले."

मोठ्या माणसांनो, एक सांगू का? रिमोट शे-दोनशे रुपयांत दुसरा मिळतो. वस्तू हरवली, की शेवटी जिच्या हातात दिसली, ती मुलगी गुन्हेगार ठरते. मग पुढच्या वेळी काही हरवलं, फुटलं, तर ती सांगायलाच येत नाही. ते नुकसान भरून देणारं दुकान मला अजून सापडलेलं नाही.

आणि हो, त्याच रात्री बाबा आणि चिमणीनं दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवले. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची हाक शिकवली. आता एक हरवला, तरी आजीचं अडणार नाही.

या आठवड्याचा उद्योग

१. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो का? मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला, तर पुढच्यात बघा. उजेड दिसला, तर तुमचा रिमोट हाक मारतो आहे.

२. रिमोट टीव्हीकडे न धरता समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे धरा. टीव्ही चालू होतो का? का, बरं?

३. रिमोटच्या तोंडापुढे वहीचं एक पान धरा. मग दोन, मग तीन. कितव्या पानाला टीव्हीला हाक ऐकू येईनाशी होते?

४. घरातल्या टीव्हीचं लपलेलं बटण शोधा आणि आजी-आजोबांना दाखवा.

काय काय सापडलं, ते मला पत्रानं जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या,
बाई